घरी शिकलेलं मूल सरकारी शाळेत जातं तेव्हा: मैत्रीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत घरीच शिकली. मग एका जूनमध्ये ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गात जाऊन बसली. तेव्हापासून मुलांना घरी शिकवणारे आईबाप मला फोन करतात. अभ्यासाचं फार थोडे विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: तिला मैत्रिणी मिळाल्या का, आणि कशा मिळाल्या? त्या फोनवर पुन्हा पुन्हा दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

घरी शिकलेल्या मुलांना माणसांत मिसळता येत नाही, हे खरं आहे का?

माझ्या पाहण्यात तरी नाही. आमची लेक भाजीवाल्या मावशींशी, पोस्टमनकाकांशी, शेजारच्या सत्तरीच्या आजोबांशी आणि त्यांच्या तीन वर्षांच्या नातवाशी सारख्याच सहजपणे बोलायची. तिचं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. हजेरीला काय म्हणायचं, पाण्याला जायचं तर कसं विचारायचं, कुठल्या बाकावरची जागा कुणी 'धरलेली' असते, खेळात राज्य कुणावर आणि का येतं, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. पहिलीपासून एकत्र वाढलेल्या मुलांनी ही माहिती तीन वर्षांत मिळून जमवलेली असते. बदली होऊन आलेल्या पोलिसाच्या मुलालाही ती नसते. पण त्याला निदान 'शाळा' हा प्रकार माहीत असतो. आपल्या मुलाला तोही नवा.

म्हणून मुलाला मिसळायला शिकवण्याच्या मागे लागू नका. त्याला वर्गातल्या मुलांबरोबर मोकळा वेळ मिळेल एवढं बघा. तास चालू असताना मैत्री होत नाही. ती होते रांगेत, नळावर, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर घरी येण्याच्या वाटेवर. खालच्या बऱ्याच उत्तरांत हे पुन्हा येईल, कारण मला कळलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

आधी कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला थेट चौथी-पाचवीत प्रवेश मिळतो का?

मिळतो. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009चा कायदा 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. त्यातलं कलम 4 सांगतं की 6 वर्षांवरच्या ज्या मुलाने शाळेत नाव घातलेलं नाही, त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं. तो वर्ग गाठायला मदत लागली तर विशेष प्रशिक्षणाचा त्याला हक्क आहे. प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही (कलम 13) आणि वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही (कलम 14). पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम राज्याने 2023मध्ये बदलले आहेत. त्यामुळे सहावी ते आठवीत नाव घालायचं असेल तर मुख्याध्यापकांकडे आधीच चौकशी करा.

मैत्रीच्या दृष्टीने इथे एक मोठा मोह असतो. घरी शिकलेलं मूल वाचनात पुष्कळदा पुढे असतं, आणि आईबापांना वाटतं, एक इयत्ता वर घालू. मला स्वतःला वाटलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "खेळायला कोणाबरोबर जाईल ती?" त्या एका प्रश्नाने मी भानावर आले. गणित कच्चं असेल म्हणून एक इयत्ता खाली घालणंही तितकंच चुकीचं. वयाने बरोबरीची मुलं मिळणं हाच तर शाळेचा मोठा लाभ, आणि तो पहिल्याच दिवशी सोडून द्यायचा नाही.

कोणती शाळा निवडावी?

चालत जाता येईल ती. आपल्याकडे नावात 'पब्लिक स्कूल' असलेल्या शाळा बहुधा खासगी असतात. मी बोलते आहे ती जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, महापालिकेच्या शाळांबद्दल. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असं सरकारी नियमच सांगतो. ही जवळीक मैत्रीसाठी सोन्यासारखी आहे. व्हॅनने दहा किलोमीटर लांब जाणाऱ्या मुलाचे मित्र दहा दिशांना राहतात. जवळच्या शाळेतली मैत्रीण संध्याकाळी दारात येऊन हाक मारते.

त्याच कारणासाठी आणखी एक विनंती. शाळा सुटायच्या वेळी स्कूटर घेऊन फाटकाशी उभे राहू नका. पहिला आठवडा मी तेच करत होते. घंटा झाली की लेक मागच्या सीटवर आणि पाच मिनिटांत घरी. आठव्या दिवशी गाडी पंक्चर झाली आणि ती आमच्या आळीतल्या दोन मुलींबरोबर चालत आली. दहा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. वाटेत चिंचा पाडल्या होत्या, ओढ्यात चपला भिजल्या होत्या. त्या दोघींची नावं मला तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. वाट सुरक्षित असेल तर मुलाला पायी येऊ द्या. शहरात रस्ता ओलांडायचा असेल तर तुम्हीही पायीच जा, आणि चार पावलं मागे राहा.

जूनमध्येच घालावं की वर्षात मध्येच चालेल?

कलम 15 प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावरही प्रवेश नाकारता येत नाही. पण जमलं तर जूनच धरा. त्या दिवसांत बाकांवरच्या जागा पुन्हा ठरतात, नवी पुस्तकं मिळतात, सगळ्यांच्याच दप्तराला कोऱ्या वहीचा वास असतो. सगळेच थोडे नवे असतात. विदर्भात शाळा उन्हामुळे थोड्या उशिराने उघडतात, तिथे तसा हिशोब करा. मध्येच घालायची वेळ आली तर दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दिवस बरा. स्नेहसंमेलनाच्या तालमी तोंडावर असतात आणि नाचात, नाटकात एक पोर कमीच पडत असतं.

शाळा सुरू होण्याआधी काय तयारी करावी?

वर्गातलं एक तरी मूल आधी ओळखीचं करून ठेवा. एकच पुरे. गावात हे सोपं असतं, शहरात सोसायटीतल्या किंवा वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या ताईंना, वॉचमनदादांना विचारा. त्यांची मुलं बहुधा त्याच महापालिकेच्या शाळेत असतात. मे महिन्यात त्या मुलाबरोबर चार संध्याकाळी खेळणं झालं, तर पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाला बघून कुणीतरी "ए, हिकडं ये" म्हणतं. त्या हाकेची किंमत मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुसरं, खेळ शिकवा. खो-खो, लंगडी, विषामृत, साखळी, लगोरी, डबा ऐसपैस. मुलगी असेल तर सागरगोटे आणि ठिकरी, आणि खरं तर मुलगा असला तरी. घरी आम्ही बुद्धिबळ आणि पत्ते पुष्कळ खेळलो होतो, पण मधल्या सुट्टीत त्यांचा काही उपयोग झाला नाही. खो-खो मात्र फार कामाचा. एका संघाचे 9 खेळाडू मैदानात लागतात, 8 बसतात आणि 1 पळतो. इतकी माणसं लागणाऱ्या खेळात नव्या भिडूला नको म्हणणं परवडत नाही.

मधल्या सुट्टीत माझा मुलगा एकटाच उभा राहून नुसता बघतो. काय करू?

पहिले आठ-पंधरा दिवस काहीही करू नका. बघणं हे कामच आहे. तो नियम शिकतो आहे.

मार्था पुटालाझ आणि जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्राथमिक वर्गातली मुलं खेळ चालू असलेल्या घोळक्यात कशी शिरतात, याचा अभ्यास 1981मध्ये प्रसिद्ध केला. जी मुलं आधी काय चाललंय ते बघून त्याच खेळाला जुळेल असं काही करत होती, त्यांना घोळका सहज आत घेत होता. जी मुलं आल्या आल्या स्वतःबद्दल सांगत, प्रश्न विचारत किंवा 'असं नाही, तसं खेळा' म्हणत, त्यांना नकार मिळत होता. मी हे वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला, कारण माझ्या लेकीला मी नेमकं उलटं शिकवून पाठवलं होतं: "जा, नाव सांग, विचार की मी तुमच्यात येऊ का." तिने तसं विचारलंही, आणि उत्तर आलं, "नगं, भरलं आमचं."

आपल्याकडच्या खेळांत आत शिरायची एक जुनी, फार मायाळू सोय आहे: लिंबूटिंबू, किंवा कच्चा लिंबू. जो लहान आहे, नवा आहे, ज्याला नियम येत नाहीत, त्याला खेळात घ्यायचं. तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्या मुलांना यात कमीपणा वाटतो, आणि घरी सगळ्यांशी बरोबरीने वागायची सवय झालेल्या मुलांना तर जास्तच. आमची लेक फणकाऱ्याने म्हणाली होती, "मी काय लहान बाळ आहे?" तिच्या आजीने तिला समजावलं की लिंबूटिंबू म्हणजे पाहुणा, पाहुण्याला कुणी धुणीभांडी करायला लावत नाही. चार दिवस ती लिंबूटिंबू होऊन विषामृत खेळली. पाचव्या दिवशी तिच्यावर राज्य आलं आणि ती घरी नाचत आली. आपल्यावर राज्य आलं म्हणून इतकं आनंदलेलं मूल मी पहिल्यांदा पाहिलं.

महिना उलटला आणि मूल अजूनही भिंतीशीच उभं आहे, चेहराही उतरलेला आहे, असं असेल तर वर्गशिक्षकांशी बोला. कसं, ते पुढे लिहिलं आहे.

डबा द्यावा की शाळेतली खिचडी खाऊ द्यावी?

शाळेतलंच खाऊ द्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. पाचवीपर्यंत दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, सोबत डाळ आणि भाजी, असं त्याचं माप आहे. मुलं व्हरांड्यात ओळीने बसतात, वाढायला वरच्या वर्गातली मुलं मदत करतात, मग ताटल्या धुवायला नळावर झुंबड उडते.

मी पौष्टिक म्हणून नाचणीचे डोसे डब्यात देत होते. परिणाम असा झाला की सगळे एका ओळीत आणि माझी मुलगी डबा उघडून बाजूला. कुणी तिला बाजूला काढलं नव्हतं, मी काढलं होतं. ताटली आणि चमचा दप्तरात टाकला त्या दिवसापासून ती ओळीत बसली. काही पथ्य असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसत्या चवीसाठी किंवा आपल्या मनातल्या शंकेसाठी मुलाला त्या ओळीतून उठवू नका. शंका असेल तर एक दिवस जाऊन स्वतः जेवून या.

मुलं त्याच्या बोलण्याला हसतात.

हसतील. घरी मोठ्या माणसांत आणि पुस्तकांत वाढलेल्या मुलाची भाषा पुस्तकी असते. आमची लेक वर्गात म्हणाली होती, "मला सामील करून घ्याल का?" सगळा वर्ग खो खो हसला. आता ती म्हणते, "मला बी घ्या की गं." माझ्या एका नातेवाइकांना याचं फार वाईट वाटलं, भाषा बिघडली म्हणाले. मला वाटतं, भाषा एक होती, दोन झाल्या. घरी ती अजूनही 'सामील'च म्हणते. मुलाने मैत्रिणींची बोली उचलली तर टोकू नका, ती त्याने मान देऊन उचललेली असते.

वर्गात सगळी उत्तरं हाच देतो, म्हणून मुलं 'लै शहाणा' म्हणतात.

घरी प्रश्न एकालाच विचारलेला असतो, म्हणून उत्तरही लगेच द्यायचं असतं. शाळेत तोच प्रश्न चाळीस जणांचा आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. सांगा. 'उत्तर येत असेल तरी गप्प बस' असं मात्र म्हणू नका, ते मुलाला फार लागतं. आमच्या बाईंनी छान तोड काढली: उत्तर आलं की शेजारणीच्या कानात सांगायचं आणि शेजारणीने हात वर करायचा. त्या शेजारणीशी आज तिची सगळ्यात घट्ट मैत्री आहे.

बाईंना किंवा सरांना आधी काय सांगावं?

खरं सांगा, थोडक्यात सांगा. मूल कधी शाळेत गेलेलं नाही. हजेरी, घंटा, रांग, सगळं नवं आहे. आमच्या पद्धतीने शिकवा किंवा तिला विशेष वागवा, असं चुकूनही सुचवू नका. घरी शिकवणाऱ्या पालकांनी शाळेला नावं ठेवलेली शिक्षकांनी पुष्कळ ऐकलेली असतात, म्हणून पहिल्या भेटीत ते जरा सावध असतात. एक साधी मागणी करा: शेजारी बोलक्या स्वभावाचं मूल बसवा. आणि एखादं जोडीने करायचं काम द्या. फळा पुसणं, पाण्याची टाकी बघणं, परिपाठाला सुविचार लिहिणं. दोघांनी मिळून केलेल्या कामात बोलायला विषय शोधावा लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे जाऊ लागलात की इतर मुलांच्या आया ओळखीच्या होतात, आणि आयांची ओळख झाली की मुलांचं एकमेकांच्या घरी जाणं-येणं आपोआप सुरू होतं.

घरी आल्यावर काय विचारावं?

"आज कोणाशी मैत्री झाली?" हे विचारू नका. रोज विचारलं की ती परीक्षा होते आणि मूल एक तर रडतं, नाहीतर खोटं सांगतं. "आज राज्य कुणावर होतं?" एवढं विचारा. त्या उत्तरात नावं आपोआप येतात.

कट्टी केली म्हणून रडत येते. मध्ये पडावं का?

नाही. घरी भांडण झालं तर आपण समजावतो, बसवून बोलतो, दोन्ही बाजू ऐकतो. कट्टीला असलं काही लागत नाही. करंगळीला करंगळी लावून कट्टी होते, दुसऱ्या दिवशी दोन बोटं पुढे करून बट्टी. ज्या मुलाने आयुष्यात कधी कट्टी पाहिलेली नाही त्याला मात्र ती जगबुडी वाटते. लेकीची पहिली कट्टी झाली त्या रात्री ती जेवली नाही. मी त्या मुलीच्या घरी जायला चप्पल घातली होती, नवऱ्याने अडवलं. सकाळी तीच मुलगी आमच्या दारात उभी: "चल की, घंटा व्हईल." एवढंच. कट्टी करण्याइतकी आपली लेक त्यांच्यातली झाली होती, हे मला नंतर कळलं.

आणि खरोखरचा त्रास होत असेल तर?

तेव्हा थांबायचं नाही. दोघांचं भांडण वेगळं आणि अनेकांनी मिळून एकालाच रोज गाठणं वेगळं. वस्तू हिसकावणं, मारणं, जातीवरून, रंगावरून, आडनावावरून बोलणं, शाळेला जायच्या वेळी रोज पोट दुखणं. यातलं काही दिसलं की त्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना, मग लेखी अर्ज घेऊन व्यवस्थापन समितीकडे. शिक्षकाकडूनच मारहाण किंवा अपमान होत असेल तर कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी कोणत्याही वेळी चालते आणि मूल स्वतःही फोन करू शकतं. 'तू घरी शिकलास म्हणून तुला जमत नाही' हे वाक्य मुलापुढे कुणालाही बोलू देऊ नका. सासूबाईंना नाही, मुख्याध्यापकांनाही नाही.

एकच मित्र आहे. पुरेसं आहे का?

आहे.

तो लहान मुलांतच रमतो, किंवा शिक्षकांच्याच मागे असतो.

मिश्र वयांत वाढलेल्या मुलाचं हे साहजिक आहे. पहिलीतल्या पोरांना खेळवणाऱ्या मुलाला बरोबरीची मुलंही लवकरच बोलावतात, कारण खेळ रंगवणारा गडी सगळ्यांना हवा असतो. शिक्षकांच्या मागे राहणं मात्र थोडं सोडवावं लागतं, आणि ते शिक्षकच चांगलं सोडवतात. "जा बाळा, बाहेर बघून ये काय चाललंय" एवढं त्यांनी म्हटलं की पुरतं.

वाढदिवस मोठा करावा का, म्हणजे मैत्री होईल?

सगळा वर्ग करतो तसाच करा. वर्गात गोळ्या वाटायच्या, नव्या कपड्यात एक दिवस मिरवायचं. घरी मोठी पार्टी आणि भेटवस्तू दिल्या की ज्यांना तसं परत करता येणार नाही, ती मुलं लाजून लांब राहतात. बोलवायचंच असेल तर कुठल्याही साध्या रविवारी चौघांना भेळ खायला बोलवा.

घरशाळेतल्या जुन्या मित्रांचं काय?

ठेवा. महिन्यातून एकदा भेटवा, पण नव्या शाळेच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येक रविवार त्यांच्यासाठी राखून ठेवू नका.

साधारण किती दिवस लागतात?

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात, नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि घट्ट मैत्रीला 200 तासांहून जास्त, असं दिसलं. मुलांचं गणित वेगळं असेल, पण अंदाजाला बरं आहे. रोजची मधली सुट्टी अर्ध्या तासाची धरली तर 50 तास भरायला शाळेचे 100 दिवस लागतात, म्हणजे जूनपासून जवळजवळ दिवाळी. त्यात रोज घरी येतानाच्या वाटेवरचा अर्धा तास मिळवला की दिवस निम्मे होतात आणि गणपती येतात. आमचं तसंच झालं. गणपतीत आरतीला पाच मुली आमच्या घरी आल्या, आणि प्रसादाची खिरापत संपेपर्यंत हलल्या नाहीत.

नाहीच रमलं तर परत घरी शिकवलं तर चालेल का?

दिवाळीपर्यंत थांबा, पण खरोखरचा त्रास असेल तर थांबू नका. परत घरी आणणं म्हणजे हार नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते, त्यामुळे पुढची वाट बंद होत नाही. फक्त त्या महिन्यांत झालेल्या ओळखी तोडू नका. शाळेतलं नाव काढलं तरी चिंचेखाली भेटणारी ती मुलगी त्याच आळीत राहते, आणि संध्याकाळी सहाला ती घरीच असते.